वाहाकात महिनाभर राहायचंय? आधी घर बसवा, गाव नंतर बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही मिनियापोलिसला राहता, जानेवारीच्या मध्यापासून एक महिना तिथल्या थंडीतून सुटका म्हणून मेक्सिकोतल्या वाहाका शहरात जायचं जवळपास ठरलंय, नवरा तिथून लॅपटॉपवर काम करणार, सोबत 72 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात आणि त्या अंडंसुद्धा खात नाहीत, आणि तुम्हाला 30 दिवसांचा दिवसवार प्लॅन हवाय. मी शिकागोजवळ राहते, बरीच वर्षं आम्ही दोघं हिवाळ्यातला एक महिना वाहाकात काढतो, आणि आता ओळखीतलं कुणी जायचं झालं की घर शोधण्यापासून मलाच फोन येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक सांगते, दिवसवार प्लॅन ही तुमची खरी अडचण नाहीये. बघायची ठिकाणं कुठेही सापडतील आणि आठवडा-दहा दिवसात आरामात होतील. खरा प्रश्न असा आहे की उरलेले वीस दिवस तुम्ही तिघं तिथे कसे राहणार, म्हणजे सकाळी दूध-भाजी कुठून, प्यायचं पाणी कोण आणून देणार, सासूबाई चार वाजता पाय मोकळे करायला कुठे जाणार, नवऱ्याची मीटिंग चालू असताना नेट गेलं तर काय. हे सगळं पहिल्या आठवड्यात बसलं की महिना फार सुंदर जातो, आणि नाही बसलं तर माणसं दुसऱ्या आठवड्यातच परतीची तिकिटं बघायला लागतात, मी पाहिलंय हे. म्हणून मी तुम्हाला आग्रहाने सांगेन की पहिला आठवडा एकही ट्रिप ठरवू नका.

आता कागदपत्रं, कारण इथे सगळं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि तुम्ही ती लिहिलेली नाही. भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागतो, पण अमेरिकेचं ग्रीन कार्ड किंवा पासपोर्टमध्ये चालू असलेला अमेरिकन व्हिसा असेल तर लागत नाही. यात मेख अशी की एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांचा पासपोर्टमधला स्टॅम्प बऱ्याचदा संपलेला असतो आणि हातात फक्त मंजुरीचं पत्र असतं, अमेरिकेत राहायला ते पुरतं पण मेक्सिकोत शिरायला पुरत नाही, आणि हे बऱ्याच जणांना विमानतळावर कळतं कारण एअरलाईनच चढू देत नाही. सासूबाई व्हिजिटर व्हिसावर आल्या असतील तर त्यांना मेक्सिकोत जाता येईल, पण परत येताना नवीन सहा महिने मिळतील असं गृहीत धरू नका, थोड्या दिवसांसाठी शेजारच्या देशात जाऊन आलं तर अधिकारी जुनीच तारीख कायम ठेवू शकतो. नियम बदलत असतात तेव्हा तिकीट काढायच्या आधी मेक्सिकन कॉन्सुलेटच्या साईटवर एकदा बघाच. आणि उतरल्यावर इमिग्रेशनवाला पासपोर्टवर किती दिवस देतो ते खिडकीसमोरच वाचा, कमाल 180 असतात पण तो त्याला वाटेल तितके लिहू शकतो, महिन्याला कमी पडत असतील तर तिथल्या तिथे परतीचं तिकीट आणि घराचं बुकिंग दाखवून नम्रपणे वाढवून मागा.

विमानाचं म्हणाल तर ह्यूस्टन किंवा डॅलसहून थेट वाहाकाला जाणारं घ्या, थोडं महाग पडलं तरी. मेक्सिको सिटीवरून गेलात तर इमिग्रेशन तिथे, बॅगा उचला, परत द्या, लांबच लांब चाला, आणि सासूबाईंना व्हीलचेअर मागितलीत तरी दमछाक होते. शिवाय मेक्सिको सिटी 2,240 मीटरवर आहे, वाहाका साधारण 1,550 मीटरवर. वाहाकाची उंची बहुतेकांना जाणवत नाही, पण पहिले दोन दिवस जिने चढताना धाप लागू शकते, झोप हलकी लागते, पाणी जास्त प्यायला लागतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जायच्या आधी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्या.

घर कुठे घ्यायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते आणि तुम्हीही घालवा. फोटोत सगळ्यात गोड दिसतो तो हालातलाको मोहल्ला, रंगीत भिंती, वेली, दगडी गल्ल्या, आणि तिथेच सगळ्यांना राहायचं असतं. पण तो दगडी रस्ता दुखऱ्या गुडघ्यांना रोज नको. सांतो दोमिंगो चर्चच्या आसपासचा जुना भाग चालायला छान, पण फुटपाथ उंच, मध्येच तुटलेले, मध्येच खाली जाणारी पायरी, आणि शनिवारी चर्चमध्ये लग्नं असली की बँड आणि फटाके. सान फेलिपे हा भाग वर डोंगराच्या बाजूला, शांत आहे, हवा सुरेख, पण प्रत्येक गोष्टीला गाडी लागते. तुमच्यासाठी मी डोळे मिटून एल यानो बागेच्या आजूबाजूला किंवा तिथून वर कोलोनिया रेफोर्मा या वस्तीच्या सुरुवातीच्या गल्ल्यांमध्ये बघा म्हणेन. एल यानो ही मोठी सपाट बाग आहे, झाडं, बाकडी, संध्याकाळी पोरं स्केटिंग करतात, आजी-आजोबा बसलेले असतात, शुक्रवारी बाजार भरतो, आणि तिथून सांतो दोमिंगो चालत जाण्याएवढंच. त्याच बागेला लागून पिनो सुआरेस रस्त्यावर वाहाका लेंडिंग लायब्ररी आहे, इंग्रजी पुस्तकांची, तिथे स्पॅनिश-इंग्रजी गप्पांच्या जोड्याही लावून देतात, तुम्हाला स्वतःला महिनाभर काहीतरी लागेल ना, त्याची सोय तिथे होते. रेफोर्मात रस्ते रुंद, सुपरमार्केट जवळ, फुटपाथ त्यातल्या त्यात बरे. देखणं कमी आहे हे खरं, पण महिनाभर राहायला देखणेपणापेक्षा सपाट रस्ता महत्त्वाचा.

जानेवारीचा मध्य निवडलात ते फार बरं केलंत. डिसेंबरात 16 ते 24 पोसादा म्हणजे नाताळाआधीच्या मिरवणुका, 23 ला मुळ्यांवर कोरीवकाम करायचा तो प्रसिद्ध सण, मग नाताळ, मग 6 जानेवारीला तीन राजांचा दिवस, तोवर घरभाडं चढलेलं असतं. नंतर उतरतं. महिन्याच्या बुकिंगला बहुतेक ठिकाणी सूट असतेच, तरी मालकाला आधी मेसेज करून विचारा. पण भावापेक्षा जास्त महत्त्वाचे प्रश्न वेगळेच आहेत आणि ते न लाजता विचारायचे.

पहिला प्रश्न पाण्याचा. हिवाळा तिथे कोरडा ऋतू, पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर, आणि शहराला नळाचं पाणी रोज येत नाही, काही भागात कित्येक दिवस येत नाही. म्हणून घराखाली टाकी असते तिला सिस्तेर्ना म्हणतात, गच्चीवर तिनाको, आणि कमी पडलं की टँकर मागवतात त्याला पिपा. मालकाला सरळ विचारा, सिस्तेर्ना किती लिटरची आहे, किती घरांत मिळून आहे, आणि टँकर मागवला तर पैसे कुणाचे. लातूर-मराठवाड्याकडचं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांना हे समजावून सांगायला लागणार नाही. आणि मग तिथे गेल्यावर पाणी जपूनच वापरा, शेजारी बादलीने आंघोळ करत असताना आपण पाहुण्यांनी शॉवरखाली वीस मिनिटं उभं राहायचं नाही, हे मी प्रत्येकाला बजावते.

दुसरं, इंटरनेट. मालक म्हणतो फास्ट आहे, तेवढ्यावर जाऊ नका, ज्या टेबलावर नवरा बसणार तिथून स्पीडटेस्टचा फोटो पाठवा म्हणावं, अपलोडचा आकडाही दिसला पाहिजे. जाड दगडी-विटांच्या भिंती असतात, एका खोलीत भरपूर आणि शेजारच्या खोलीत शून्य असं होतं. तिसरं, पायऱ्या किती, बाथरूममध्ये उंबरठा आहे का, धरायला काही आहे का. चौथं, स्वयंपाकघरात गॅसच्या किती शेगड्या चालू आहेत. पाचवं, सासूबाईंच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते की आतल्या चौकात. आतल्या चौकात असली तर घ्या, कारण पहाटे देवळाच्या घंटा, गच्चीवरची कुत्री, सणाला आकाशात सोडायचे दणदणीत फटाके आणि गॅसवाल्याच्या गाडीचं गाणं हे सगळं रस्त्याच्या बाजूला येतं. इअरप्लग न्याच. म्हणजे पाणी, नेट, पायऱ्या, शेगडी, खिडकी, या पाचांची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय मी कुणाला पैसे भरू देत नाही.

हवा दिवसा फार छान, 25-27 अंश, ऊन मात्र कडक लागतं कारण उंची, टोपी आणि सनस्क्रीन हवंच. रात्री 8-10 अंशांपर्यंत उतरतं आणि घरात हीटर नसतो, दगडी घर रात्री थंड पडतं, मिनियापोलिसवाल्यांना बाहेरची थंडी काहीच नाही पण घरात 16-17 अंशात बसायची सवय कुणालाच नसते. सासूबाईंसाठी पायमोजे, शाल, कानटोपी आणि गरम पाण्याची पिशवी न्या, आणि मालकाकडून जास्तीची दोन ब्लँकेटं आधीच मागून ठेवा.

आता पहिला आठवडा. विमानतळ शहराच्या दक्षिणेला आहे, आतल्याच काउंटरवर टॅक्सीचं कूपन मिळतं, ते घ्या. शहरातल्या टॅक्सीला मीटर नसतो, बसायच्या आधी भाव विचारायचा. पहिल्या दिवशी फक्त दोन कामं, प्यायचं पाणी आणि चहा. प्यायचं पाणी 20 लिटरच्या कॅनमध्ये येतं, गार्राफोन म्हणतात, पहिल्यांदा कॅनचं डिपॉझिट, नंतर नुसती अदलाबदल, पाणीवाला गल्लीत ओरडत येतो किंवा मालक नंबर देतो. भाज्या-फळं धुवायला औषधाचे थेंब प्रत्येक सुपरमार्केटमध्ये भाजीच्याच विभागात असतात, भांडंभर पाण्यात थेंब टाकून बाटलीवर लिहिलंय तितका वेळ भाजी बुडवून ठेवायची, कोथिंबीर तर नक्कीच. पहिल्या आठवड्यात बाहेरची कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं सासूबाईंना देऊ नका. कचऱ्याची गाडी घंटा वाजवत येते, ओला-सुका वेगळा लागतो, दिवस कुठले ते मालकाला विचारून फ्रिजवर लिहून लावा. आणि टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नसतो, शेजारच्या डब्यात टाकायचा, जुन्या पाईपलाईन आहेत, हे सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाजार. मोठ्या बाजारात पहिल्यांदा जाऊच नका. एल यानोजवळ राहिलात तर सांचेस पास्कुआस किंवा ला मेर्सेद हे दोन मोहल्ल्यातले बाजार आहेत, छोटे, उजेडाचे. एक भाजीवाली पकडा आणि रोज तिच्याकडेच जा. चौथ्या दिवशी ती तुम्हाला ओळखते, आठव्या दिवशी पिकलेली पपई बाजूला काढून ठेवते, आणि तुमचं स्पॅनिश तिच्यासमोर जितकं सुधारेल तितकं कुठल्या ऍपवर नाही सुधारणार. आत शिरताना "बुएनोस दीयास" (शुभ सकाळ) म्हणायचंच, दुकानात, टॅक्सीत, गल्लीत समोरून येणाऱ्या आजींना, सगळ्यांना. खानावळीत जेवणाऱ्यांच्या जवळून जाताना "प्रोवेचो", म्हणजे सावकाश जेवा. हे न म्हणणारा माणूस तिथे उद्धट ठरतो, आणि म्हणणाऱ्यासाठी लोक कमालीचे मोकळे होतात. फोटो विचारल्याशिवाय काढू नका, खास करून बाजारातल्या बायकांचा. वाहाका राज्यात सोळा मूळनिवासी समाज आहेत, बाजारात तुमच्या कानावर झापोतेक, मिश्तेक या त्यांच्या भाषा पडतील, त्यांच्यासाठी सुद्धा स्पॅनिश शिकलेली भाषा आहे, त्यामुळे तुमच्या मोडक्या स्पॅनिशला कुणी नावं ठेवत नाही.

जेवणाबद्दल तुम्ही घाबरून लिहिलंय, त्याचं उत्तर दोन भागात देते कारण बाहेरचं जेवण आणि घरचं जेवण ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. बाहेर सांभाळून. "मी शाकाहारी" एवढं म्हटलं तर मांस काढतात, पण डुकराची चरबी, मान्तेका, ती राहते. घोटलेल्या बीन्समध्ये ती असते, तामालेसमध्ये, म्हणजे पानात वाफवलेल्या मक्याच्या पिठाच्या पदार्थात, जवळजवळ नेहमी असते, भात बऱ्याचदा चिकनच्या पाण्यात शिजवतात, आणि वाहाकाची शान म्हणजे मोले, मिरच्या-मसाल्यांची दाट ग्रेव्ही, त्यातही चिकनचं पाणी आणि चरबी असते. त्लायुदा आणि मेमेला या मक्याच्या रोट्यांवर तळाला जो तपकिरी थर लावतात तो आसिएंतो, तोही डुकराच्या चरबीचा. म्हणून एक वाक्य पाठ करा आणि चिठ्ठीवर लिहून सासूबाईंच्या पर्समध्येही ठेवा: "नो कोमो कार्ने, नि पोयो, नि पेस्कादो, नि हुएवो, नि मान्तेका, नि काल्दो दे पोयो." मांस, चिकन, मासे, अंडं, चरबी, चिकनचं पाणी, काही नको. एवढं सांगितलं की बाजारातली बाई समोरच तव्यावर ताजी मक्याची रोटी टाकून त्यात भोपळ्याची फुलं नाहीतर मश्रूम भरून देते. मक्याची तोर्तिया म्हणजे फक्त मका, चुना आणि पाणी, ती निर्धास्त खा, मैद्याच्या रोटीत मात्र चरबी असू शकते. चीज जमवायला रेनेट वापरतात आणि ते प्राण्याचं असू शकतं, सासूबाई तेवढ्या कडक असतील तर केसियो हे तिथलं चीज टाळा. नारळाच्या फोडींवर, संत्र्याच्या चकत्यांवर लाल मीठ दिसलं तर विचारा, त्यात वाळलेल्या अळ्यांची पूड असू शकते, आणि परातीत ढीग लावलेला लालसर कुरकुरीत पदार्थ म्हणजे नाकतोडे, चापुलिनेस. पिण्यात काळजी नाही, मका आणि कोकोचं तेहाते हे पेय सासूबाईंना चालेल, पाण्यातलं गरम चॉकलेट चालेल, पण त्यासोबत मिळणाऱ्या पिवळ्या गोडसर पावात अंड्याचा बलक असतो.

घरचं जेवण म्हणाल तर मला वाटतं मराठी माणसाला याहून सोयीचं गाव मिळणं कठीण. हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, लिंबं, टोमॅटो, कांदे, काकडी, दुधी-दोडक्याच्या वळणाच्या भाज्या, मक्याची ताजी कणसं, शेंगदाणे, रताळी, तीळ, गूळ, चिंच, पेरू, पपई, चिकू, सगळं आहे. गूळ पानेला नावाने मिळतो, तिळाला आहोन्होली म्हणतात आणि मोलेत लागतात म्हणून पोत्याने असतात, संक्रांतीला तिथे असलात तर तिळगूळ करायला काहीही न्यायची गरज नाही. वेर्दोलागास म्हणून जी जुडी दिसेल ती आपली घोळाची भाजी, तिथे डुकराच्या मांसासोबत शिजवतात, तुम्ही डाळ घालून करा. सासूबाईंचा उपास असेल तर राजगिरा तिथलाच, आमारांतो, त्याच्या गुळातल्या वड्या प्रत्येक कोपऱ्यावर मिळतात, नाव आलेग्रिया, वरचं साहित्य एकदा वाचून घ्या म्हणजे झालं. मुळात मिरची, मका, शेंगदाणा, रताळं, पेरू, सीताफळ, चिकू, राजगिरा ही सगळी अमेरिका खंडातलीच पिकं, आपल्याकडे नंतर आली, त्यामुळे आपलं ताट तिथे निम्मं आधीच वाढून ठेवलेलं असतं.

न्यायचं काय, तर हळद, गोडा मसाला, हिंग, दळलेलं धणं-जिरं, सगळं बंद पाकिटात. अख्खं बी आणि कच्ची कडधान्यं कस्टमला अडवू शकतात, फॉर्मवर अन्न आहे म्हणून खरं लिहा, काढून घेतलं तर वाद घालू नका. तूरडाळीचा हट्ट सोडलात तर मसूर आणि छोले तिथेच मिळतात. एक छोटा तीन लिटरचा कुकर मात्र न्याच, त्या उंचीवर पाणी साधारण 95 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. वीज 127 व्होल्ट आणि प्लग अमेरिकेसारखेच, तुमचा छोटा मिक्सर तसाच चालेल.

पैशांचं थोडक्यात. पेसोचं चिन्हही डॉलरसारखंच असतं, पाटीवर 90 दिसलं तर दचकू नका. बँकेच्या आतल्या एटीएममधून काढा, मशीन विचारेल आम्ही डॉलरमध्ये रूपांतर करून देऊ का, तिथे नाही म्हणा, भाव तुमच्या बँकेलाच लावू द्या, चांगला फरक पडतो. 500 ची नोट भाजीवाली फोडू शकत नाही, सुपरमार्केटमध्ये फोडून घ्या. रेस्टॉरंटमध्ये टिप 10 ते 15 टक्के. बाजारात भाजीला घासाघीस करू नका, आणि विणकर-कुंभारांकडे तर अजिबात नको, तेओतित्लान देल व्हायेमध्ये निवडुंगावरच्या किड्यांपासून लाल रंग काढून माग चालवणाऱ्या माणसाच्या महिनोन्महिन्यांच्या कामाचे पैसे आपण कापायचे नसतात. गेल्या काही वर्षांत बाहेरच्यांमुळे घरभाडी एवढी वाढलीत की गावातली माणसं लांब राहायला गेलीत, त्याविरुद्ध मोर्चेही निघालेत, भिंतींवर लिहिलेलं दिसेल तुम्हाला. शक्य असेल तर तिथेच राहणाऱ्या घरमालकाकडून, त्याच्याच आवारातलं घर घ्या, पैसा गावात राहतो आणि अडीनडीला माणूस शेजारी असतो.

तब्येत. सासूबाईंचा ट्रॅव्हल मेडिकल विमा काढा, अमेरिकेतला मेडिकेअर तिकडे चालत नाही. औषधं मूळ डब्यांत आणि प्रिस्क्रिप्शनसह, आणि सर्दीच्या ज्या गोळ्यांमध्ये सूडोएफेड्रिन असतं त्या नेऊ नका, मेक्सिकोत बंदी आहे. साध्या तक्रारीला बऱ्याच औषध दुकानांना लागूनच छोटा दवाखाना असतो, फी अगदी कमी, रांगेत बसा, डॉक्टर बघतो. अँटिबायोटिकला चिठ्ठी लागते. इमर्जन्सी नंबर 911 च. पोहोचल्यावर दोन दिवसांत जवळचं खासगी हॉस्पिटल कुठलं ते मालकाला विचारून पत्ता फोनमध्ये ठेवा, गरज पडायची वाट बघू नका.

भूकंपाचंही बोलायला हवं. वाहाका भूकंपाच्या पट्ट्यात आहे, 2017 च्या सप्टेंबरात आणि 2020 च्या जूनमध्ये मोठे धक्के बसले होते. शहरात इशाऱ्याचे भोंगे आहेत, धक्क्याच्या काही सेकंद आधी वाजतात. तो आवाज यूट्यूबवर तिघांनी मिळून एकदा ऐकून ठेवा, घरातून बाहेर मोकळ्या जागी कसं जायचं ते पहिल्याच दिवशी चालून बघा, सासूबाईंना धरून कोण नेणार ते ठरवा. भिंतीजवळ, तारांखाली थांबायचं नाही. ते जमत नसेल तर आत मजबूत खांबाजवळ, काचांपासून लांब.

नवऱ्याच्या कामाचं सोपं आहे. मेक्सिकोने 2022 मध्ये घड्याळ पुढे-मागे करणं बंद केलं, हिवाळ्यात वाहाकाची आणि मिनियापोलिसची वेळ एकच. भारताशी साडेअकरा तासांचा फरक, सकाळी आठला फोन केलात तर पुण्यात संध्याकाळचे साडेसात. परदेशातून काम करायला कंपनीची परवानगी लेखी घ्या आणि फोनच्या प्लॅनमध्ये मेक्सिको आहे का बघा, नेट गेलं तर हॉटस्पॉट कामाला येतो.

आणि मग दुसऱ्या आठवड्यापासून फिरा, एका दिवसात एकच गोष्ट. मोंते आल्बान सकाळी उघडताच गाठा, झापोतेकांनी ख्रिस्तपूर्व 500 च्या सुमारास वसवलेलं शहर, सावली जवळजवळ नाही. सासूबाईंनी पिरॅमिड चढायची गरज नाही, दारापासून चौकापर्यंत जमेल तेवढं चालल्या तरी भव्यता कळते. तिथल्या सातव्या थडग्यात 1932 मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासोंना सापडलेलं सोनं सांतो दोमिंगोच्या म्युझियममध्ये आहे, ते दुसऱ्या दिवशी. रविवारी त्लाकोलुलाचा आठवडी बाजार, वाटेत तुले गावचं ते अवाढव्य खोडाचं झाड, ही ट्रिप सासूबाईंना सगळ्यात आवडेल असं मला वाटतं, कारण सगळं सपाट आणि बसायला जागा. टॅक्सी दिवसाच्या भावाने ठरवा. इएर्वे एल आग्वा या दगडी धबधब्यांच्या ठिकाणी तुम्ही दोघंच जा, उतार आहे. समुद्र हवा असेल तर 2024 मध्ये उघडलेल्या नव्या रस्त्याने प्वेर्तो एस्कोन्दिदो साधारण तीन तासांवर आलंय, पूर्वी घाटातून याच्या दुप्पट लागायचे, दोन रात्री काढून या. ऊन डोक्यावर असताना टेक्स्टाईल म्युझियम, नाहीतर चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदोने 1988 मध्ये सुरू केलेल्या ग्राफिक आर्ट संस्थेच्या अंगणात पुस्तक घेऊन बसा. याच तोलेदोने 2002 मध्ये मुख्य चौकात मॅकडॉनल्ड्स येऊ नये म्हणून लोकांना फुकट तामालेस वाटून चळवळ केली होती आणि ती जिंकली.

सेंत्राल दे आबास्तोस या महाबाजारात तिसऱ्या आठवड्यात जा, सकाळी, मंगळसूत्र-चेन घरी ठेवून, पाकीट पुढच्या खिशात, सासूबाईंना न नेता. 2 फेब्रुवारीला कांदेलारिया हा ख्रिस्ती सण, त्या दिवशी घरोघरी तामालेस असतात, शेजारणीने बोलावलं तर जरूर जा, तामाल खाता येणार नाही पण आतोले घेता येईल, मक्याची गरम पेज, आणि हातात फळं किंवा फुलं घेऊन जा.

परतीच्या दिवसाबद्दल एक गोष्ट. तिथे शिक्षक संघटना, गावकरी असे कुणी ना कुणी रस्ता अडवतात आणि कधीकधी नेमका विमानतळाचाच. आदल्या संध्याकाळी मालकाला विचारा, निघायचं त्यापेक्षा दीड तास आधी निघा, आणि अडवणाऱ्यांशी हुज्जत घालू नका, टॅक्सीवाल्याला आडवाटा माहीत असतात.

तुमच्या तिघांच्या व्हिसाचा प्रकार, सासूबाईंना सलग किती पायऱ्या चढता येतात, आणि घराला महिन्याला किती खर्च करायची तयारी आहे, एवढं लिहा. दोन-तीन घरांच्या लिंक टाकल्यात तर गल्ली कशी आहे, चढाची की सपाट, ते मी बघून सांगते.